शासकीय प्रवासासाठी नवे विमान निवडताना समितीने पहिला प्रश्न कोणता विचारावा?

गच्चीवरून_धानोरी
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार,

मी पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्याकडे अभिरूप संसद भरते. देशाच्या नेत्यांच्या प्रवासासाठी नवे विमान घ्यायचे ठरले आहे असे समजून एका संसदीय समितीने त्या प्रस्तावाची छाननी करायची, असा विषय यंदा मुलांनीच निवडला आहे. आमच्या महाविद्यालयातील बरीच मुले धानोरी, विश्रांतवाडी, लोहगाव या भागांतील असल्यामुळे विमाने हा त्यांच्या रोजच्या नजरेतला विषय आहे. आमच्या गच्चीवरून तर उतरणाऱ्या विमानाची चाके मोजता येतात.

मुलांनी समितीसाठी अटींचा पहिला मसुदा लिहून आणला. विमान सर्वांत सुरक्षित हवे, सर्वांत लांब पल्ल्याचे हवे, सर्वांत आधुनिक हवे आणि सर्वांत स्वस्तही हवे, असे त्यात होते. मी चारही 'सर्वांत'भोवती लाल शाईने गोल केले आणि कागद परत दिला. पण त्याऐवजी काय लिहावे हे मलाही नीट सांगता आले नाही, म्हणून येथे विचारते आहे.

मला जेवढे ठाऊक आहे ते असे. परदेशातील लांबच्या दौऱ्यांसाठी आपल्याकडे दोन बोइंग ७७७-३००ईआर विमाने आहेत. त्यांतील पहिले १ ऑक्टोबर २०२० रोजी दिल्लीत पोहोचले आणि दुसरे त्याच महिन्यात आले. देशांतर्गत आणि जवळच्या प्रवासासाठी पालमच्या हवाई दल स्क्वाड्रनकडे ७३७ जातीची तीन विमाने आहेत, ज्यांची नावे राजदूत, राजहंस आणि राजकमल अशी आहेत. ती २००९ च्या सुमारास आली. त्याखेरीज २००५ मध्ये घेतलेली चार लहान एम्ब्रेअर विमाने आहेत. आमच्या समितीपुढचा काल्पनिक प्रस्ताव मधल्या गटाचा, म्हणजे ७३७ च्या जागी नवे विमान घेण्याचा आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. विमान बदलण्याची खरोखर गरज आहे हे कशावरून ठरवावे? आणि गरज आहे असे ठरलेच, तर समितीने सर्वांत आधी काय विचारावे?

---

पाना_आणि_पक्कड
रविवार, सकाळी ७.१५

ताई, नमस्कार. मी एकतीस वर्षे वाहतूक विमानांच्या देखभालीत काढली आणि आता विश्रांतवाडीत निवृत्तीचे दिवस काढतो आहे. उत्तर लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

समितीने विमानाचे माहितीपत्रक उघडण्याआधी जुन्या विमानांच्या उड्डाणांची वही मागवावी. मागच्या पाच वर्षांत प्रत्येक विमान कुठून कुठे गेले, किती वेळ हवेत होते, त्यात किती माणसे होती, ते कोणत्या धावपट्टीवर उतरले आणि तेथे किती तास उभे राहिले, एवढ्या पाच रकान्यांत अर्धे उत्तर लिहिलेले असते. दिल्लीहून देशातील बहुतेक ठिकाणे तीन तासांच्या आतबाहेर येतात. समुद्र ओलांडून जाण्यासाठी ७७७ आहेतच. मग मधल्या गटाच्या विमानाकडून बारा तासांच्या पल्ल्याची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. पल्ला फुकट मिळत नाही. त्यासाठी पोटात जादा टाक्या बसवाव्या लागतात, वजन वाढते, सामानाची जागा जाते, आणि तो वाढीव पल्ला वर्षातून दोनदाच वापरला जातो.

आता वयाविषयी. विमानाचे वय केवळ वर्षांत मोजायचे नसते. आमच्याकडे तीन मोजमापे असत: हवेतील तास, उतरण्याची संख्या आणि दिनदर्शिका. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरतो आणि उतरताना निघून जातो, त्यामुळे विमानाचे कवच फुग्यासारखे किंचित ताणले जाते आणि परत आकसते. कवचाला थकवा येतो तो या आवर्तनांनी. प्रवासी कंपनीचे ७३७ दिवसाला पाच-सहा फेऱ्या सहज मारते. नेत्यांचे विमान तितके उडत नाही, म्हणून ते पंधरा-सोळा वर्षांचे झाले तरी त्याचे कवच प्रवासी विमानाच्या मानाने तरुण असू शकते. मात्र दिनदर्शिका कोणाला सोडत नाही. स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहाखालच्या पट्ट्यांना गंज लागतो, तारांचे आवरण कडक होते, संपर्कयंत्रणेचे सुटे भाग बनणेच बंद होते. तेव्हा समितीने विमान जुने झाले का असे मोघम न विचारता, या तिघांपैकी कोणत्या मोजमापाने ते जुने झाले असे विचारावे. केवळ इलेक्ट्रॉनिक उपकरणे जुनी झाली असतील, तर तेवढीच बदलणे हा रास्त पर्याय ठरतो.

दुसरे असे की एक विमान विकत घेता येते, पण एका विमानावर सेवा चालवता येत नाही. एक मोठ्या तपासणीला हँगरमध्ये उघडे पडलेले असते, दुसरे कामावर असते, आणि कामावरचे ऐनवेळी रुसले तर तिसरे लागते. कॅनडाचे उदाहरण मुलांना नक्की सांगा, कारण ते आपल्या दिल्लीतच घडले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जी-२० परिषद आटोपल्यावर तेथील पंतप्रधान ट्रुडो यांचे विमान नादुरुस्त झाले. ते १० तारखेला निघायचे होते, ते १२ तारखेला निघू शकले. ते विमान एअरबस ए-३१० या जुन्या जातीचे होते. त्याच जातीचे, खास मान्यवरांसाठी सजवलेले त्यांचे दुसरे विमान २०१९ मध्ये ओढून नेताना सुटले आणि हँगरच्या भिंतीवर जाऊन आदळले होते. त्याचे नाक आणि उजव्या इंजिनाचे आवरण फुटले आणि ते अनेक महिने बाहेर राहिले. हवेत काहीही न होता विमान कसे गमावता येते, याचा तो नमुना आहे.

जर्मनीचेही असेच झाले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये चॅन्सेलर मर्केल अर्जेंटिनाच्या जी-२० परिषदेला निघाल्या असताना ए-३४० विमानाची संपर्कयंत्रणा बंद पडली आणि नेदरलँड्सवरून मागे वळून कोलोनला उतरावे लागले. इंधनाने भरलेले जड विमान उतरवल्याने ब्रेक तापले, ते वेगळेच. मर्केल दुसऱ्या दिवशी माद्रिदमार्गे साध्या प्रवासी विमानाने गेल्या आणि परिषदेची सुरुवात हुकली. पुढच्या वर्षी त्या सरकारने तीन ए-३५० विमाने मागवली. संख्या तीन आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

तिसरा मुद्दा सुटे भाग आणि हात यांचा. विमान अशा जातीचे घ्यावे की जे आपल्या देशात रोज शेकड्यांनी उडते. आपले आत्ताचे ७३७ हे प्रवासी ७३७-७०० चे कवच आणि ७३७-८०० चे पंख व चाके घेऊन बनलेले आहे. नौदलाची अरक्कोणम येथील पी-८आय टेहळणी विमानेही ७३७ च्याच घराण्यातील, म्हणून इंजिनाचे ज्ञान देशात आहे. पण नवे ७३७ घेतले तर त्याचे इंजिन वेगळ्या पिढीचे येते, आणि नाव तेच राहिले तरी हे नाते बरेच सैल होते. दुसरीकडे ए-३२० घराणे पाहा. इंडिगोकडे त्या जातीचा प्रचंड ताफा आहे, पुणे-दिल्ली मार्गावरही तीच विमाने दिसतात; शिवाय डीआरडीओच्या नव्या टेहळणी विमानांसाठी एअर इंडियाची सहा ए-३२१ हवाई दलाकडे वळवण्याचा कार्यक्रम २०२१ मध्ये मंजूर झाला. मला विचाराल तर माझे झुकते माप ए-३२० घराण्याकडे पडेल, आणि ते विमान उडायला अधिक चांगले आहे म्हणून नव्हे, तर रात्री दोन वाजता एखादा व्हॉल्व्ह लागला तर तो कोणत्याही मोठ्या विमानतळावर मिळेल म्हणून.

चौथा मुद्दा संरक्षण साधनांचा. क्षेपणास्त्राच्या उष्णता शोधणाऱ्या डोळ्याला लेझरने चकवणारी यंत्रणा ७७७ वर बसवली आहे. त्या दोन विमानांवरच्या अशा यंत्रणांसाठी अमेरिकेने २०१९ च्या फेब्रुवारीत सुमारे १९ कोटी डॉलरच्या विक्रीला मंजुरी दिली होती. ही वस्तू बाजारात मिळत नाही, त्या देशाच्या सरकारची परवानगी लागते. ती बसवायची तर कवचाला भोके पाडावी लागतात, वीज लागते, आणि मग संपूर्ण बदलाचे प्रमाणपत्र नव्याने मिळवावे लागते. वेळ जातो तो येथेच. ती दोन ७७७ विमाने २०१८ मध्ये एअर इंडियाकडे आली होती. बदल करून परत यायला २०२० उजाडले. त्यामानाने हे लवकरच झाले म्हणायचे. अमेरिकेने स्वतःच्या अध्यक्षांसाठी दोन ७४७-८ विमानांचा करार २०१८ मध्ये केला आणि ती २०२४ मध्ये मिळायची होती. ती मुदत तर टळून गेली. गंमत अशी की ती विमाने एका बुडालेल्या रशियन कंपनीसाठी आधीच तयार झालेली होती. म्हणजे विमान बांधणे सोपे, त्याचे पोट फाडून पुन्हा शिवणे कठीण.

शेवटी आपल्या लोहगावविषयी. येथील धावपट्टी २,५३५ मीटरची आहे, समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ५९० मीटर आहे आणि मे महिन्यातील दुपार कशी असते हे पुणेकरांना सांगायला नको. उंची आणि उष्णता वाढली की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि धावायला अधिक अंतर लागते. पूर्ण भाराच्या ७७७-३००ईआरला समुद्रसपाटीवरच तीन हजार मीटरच्या आसपास धावपट्टी लागते. ते हलके करून येथे आणता येईल, पण थेट दूरच्या देशात नेता येणार नाही. ७३७ किंवा ए-३२० येथे रोज येतात आणि जातात. हेच माप मुलांना औरंगाबाद, नांदेड, कोल्हापूर येथे लावून पाहायला सांगा. नकाशावर धावपट्ट्यांची लांबी लिहिली की कोणते विमान कुठे निरुपयोगी आहे ते त्यांना आपोआप दिसेल.

एक प्रसंग सांगून थांबतो. एका लहान विमानतळावर आम्ही मान्यवरांना घेऊन उतरलो. खाली हारतुरे घेऊन मंडळी उभी, आणि स्थानिक कंत्राटदाराने आणलेली शिडी दाराच्या उंबऱ्यापासून चांगली दोन विती खाली. शिडी वर सरकेना. मान्यवर दारात, मी त्यांच्या मागे घामाघूम. शेवटी शिडीच्या माथ्यावर सामान ठेवायची लाकडी फळी टाकली, दोघांनी ती दोन्हीकडून धरली आणि पाहुणे उतरले. त्या दिवसापासून मी कोणत्याही विमानाच्या पत्रकात वेगाचा आकडा नंतर पाहतो. स्वतःची घडीची शिडी आहे का आणि जमिनीवर बाहेरून वीज न घेता चालणारे लहान सहायक इंजिन कसे आहे, हे आधी पाहतो.

---

सरळ_प्रश्न
रविवार, सकाळी १०.०५

माहिती उत्तम आहे, पण मूळ प्रश्न बाजूला राहतो असे मला वाटते. मर्केल बाई साध्या विमानाने गेल्या आणि जगबुडी झाली नाही. पुण्याहून दिल्लीला दिवसात कितीतरी उड्डाणे आहेत. नेत्यांनी तिकीट काढून जावे, पहिल्या चार रांगा राखून ठेवाव्यात आणि वाचलेल्या पैशातून लोहगावची धावपट्टी वाढवावी. कोथरूडहून विमानतळावर पोहोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात विमान दिल्लीला पोहोचते, हा आमचा खरा प्रश्न आहे.

---

ताळेबंद
रविवार, दुपारी १२.३०

सरळ_प्रश्न यांचा मुद्दा समितीत कोणीतरी मांडायलाच हवा, कारण 'विमानच नको' हा पर्याय किंमतीसह कागदावर असल्याशिवाय इतर पर्यायांची तुलना पुरी होत नाही. मात्र तिकिटाचा दर हा त्या पर्यायाचा खरा खर्च नव्हे. पंतप्रधान किंवा राष्ट्रपती साध्या विमानात बसले तर त्यांची सुरक्षा त्या दीडशे प्रवाशांपर्यंत पोहोचते: त्यांचे सामान, त्यांची तपासणी, त्यांचा खोळंबा. हवेत असताना देशाशी सुरक्षित संपर्क राहत नाही. हा भार प्रवासी उचलतात, म्हणून तो सरकारी वहीत दिसत नाही. मंत्र्यांचे मात्र वेगळे आहे. बहुतेक मंत्र्यांनी साध्या विमानाने जावे या मताशी मी पूर्ण सहमत आहे.

जुनी पद्धत मधली होती. एअर इंडियाची ७४७ विमाने दौऱ्यापुरती प्रवासी सेवेतून काढून सजवली जात आणि नंतर पुन्हा प्रवाशांसाठी लावली जात. स्वस्त वाटणारी ही सोय कंपनीला महाग पडे. विमान काढले की वेळापत्रक विस्कटे, आणि बिलांची रक्कम निरनिराळ्या मंत्रालयांकडे दीर्घकाळ थकत असे. खर्च नाहीसा होत नव्हता, तो फक्त दुसऱ्याच्या ताळेबंदात जाऊन बसत होता.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. हवेत इंधन भरणारे त्यांच्या हवाई दलाचे एक ए-३३० विमान त्यांनी सुमारे एक कोटी पौंड खर्चून आतून बदलले, आणि नेत्यांचा दौरा नसेल तेव्हा ते त्याच्या मूळ कामावर जाते. पुढे २०२० मध्ये त्याला झेंड्याचे रंग दिले, त्याला नऊ लाख पौंड लागले आणि टीका झाली ती त्या रंगावर. लोकांना खर्चापेक्षा खर्चाचे दर्शन अधिक खुपते, असा माझा अनुभव आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेतही पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीपेक्षा कमानीच्या रंगावर जास्त वेळ जातो.

मुलांना हिशेबाचा धडा द्यायचा असेल तर मेक्सिको घ्या. तेथील सरकारने २०१२ मध्ये २१.८ कोटी डॉलरला बोइंग ७८७ घेतले. नंतर आलेल्या अध्यक्षांनी त्यात बसायला नकार दिला. ते विकायला काढले तर गिऱ्हाईक मिळेना. २०२० मध्ये त्याच्या नावाने लॉटरी काढली, ज्यात बक्षीस म्हणून विमानाऐवजी रोख पैसे होते. आणि अखेर २०२३ मध्ये ताजिकिस्तानने ते सुमारे ९.२ कोटी डॉलरला घेतले. अशा खास सजवलेल्या विमानाला दुसरे घर मिळणे अवघड असते, कारण शयनकक्ष आणि बैठकीची खोली काढून तेथे आसने बसवण्याचा खर्च घेणाऱ्याच्या डोक्यावर येतो. म्हणून समितीने तक्त्यात भंगाराची किंमत जवळजवळ शून्य धरावी आणि मग वीस वर्षांचा खर्च काढावा: खरेदी, बदल, इंधन, मोठ्या तपासण्या, वैमानिकांचे सिम्युलेटरवरील प्रशिक्षण, हँगर, आणि उभ्या विमानाचा पहारा. या बेरजेत खरेदीचा आकडा किती लहान दिसू लागतो ते पाहून मुले चकित होतील.

---

टिप्पणीकार
रविवार, दुपारी ४.२०

मी खरेदीच्या फायलींवर टिप्पण्या लिहिण्यात नोकरी घालवली, म्हणून अटींच्या मसुद्याविषयीच बोलतो. ताई, तुमच्या मुलांच्या मसुद्यात आकडा नाही हा दोष आहे. पण आकडा घातल्याने दोष जातोच असे नाही. मान्यवरांसाठीच्या बारा एडब्ल्यू-१०१ हेलिकॉप्टरांची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. त्यातील लाचखोरीचे आरोप हा न्यायालयाचा विषय आहे, त्यात मी शिरत नाही. महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात अटींचा जो प्रवास आहे, तेवढाच पाहू.

सुरुवातीला ६,००० मीटर उंचीवर उडण्याची अट होती. त्या अटीत एकच विक्रेता बसत होता, आणि एकच विक्रेता उरला की स्पर्धा संपते, म्हणून आक्षेप आला. उंची ४,५०० मीटरवर आणली गेली आणि केबिनची उंची किमान १.८ मीटर असावी अशी अट आली. हेतू स्पर्धा वाढवण्याचा होता. शेवटी झाले असे की त्या केबिनच्या अटीत पुन्हा एकच विक्रेता बसला, फक्त तो दुसरा होता. चाचण्याही परदेशात, त्याच जातीच्या पण मागवलेल्याहून वेगळ्या हेलिकॉप्टरवर झाल्या, असा शेरा अहवालात आहे. २०१० च्या फेब्रुवारीत ३,५०० कोटींहून अधिक रुपयांचा करार झाला, तीन हेलिकॉप्टरे आली आणि १ जानेवारी २०१४ रोजी करार रद्द झाला. मान्यवर आजही एमआय-१७ हेलिकॉप्टरनेच जातात.

यातून माझी सूचना एवढीच की प्रत्येक अटीसमोर तीन रकाने करावेत. अट कोणी मागितली, कोणत्या प्रत्यक्ष उड्डाणासाठी मागितली, आणि ती काढली तर किती विक्रेते वाढतात. माणसाने केबिनमध्ये ताठ उभे राहावे ही अपेक्षा गैर नाही, पण अर्ध्या तासाच्या उड्डाणासाठी ती अनिवार्य आहे की केवळ असल्यास बरी, हे लिहून काढले असते तर फाइल निराळ्या दिशेने गेली असती. आमच्या कार्यालयात 'अनिवार्य' हा शब्द फार सैल हाताने वापरला जाई. तो शब्द लिहिणाऱ्याची सही त्याच ओळीसमोर घ्यावी, म्हणजे हात आपोआप आखडतो.

आणि एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोलीवाल्याला काम, हा नियम येथे लावताना बोली कशाची हे आधी ठरवावे. ताळेबंद म्हणतात तसा वीस वर्षांचा खर्च बोलीत धरला, तरच एल-वनला अर्थ आहे.

---

गच्चीवरून_धानोरी
रविवार, रात्री ८.५०

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काकांनी सांगितलेले पाच रकाने आणि टिप्पणीकारांचे तीन रकाने मी फळ्यावर मांडणार आहे. एका विद्यार्थिनीने फोनवर विचारलेला प्रश्न येथे ठेवते. तिचे म्हणणे असे, की आपल्या राज्यात मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर २०१७ च्या मे महिन्यात निलंग्याजवळ उडताक्षणीच खाली आले आणि तारांत अडकले. सर्व जण सुदैवाने वाचले. मग मोठ्या विमानांवर एवढा खल करण्यापेक्षा या लहान विमानांकडे आणि हेलिकॉप्टरांकडे समितीने अधिक लक्ष द्यायला नको का? मला तिचे म्हणणे पटले, पण ते विषयाबाहेर जाते की काय असेही वाटले.

---

सुकाणू
रविवार, रात्री १०.३५

अजिबात विषयाबाहेर जात नाही, उलट त्या मुलीने दुखणाऱ्या जागी बोट ठेवले आहे. मी वैमानिक होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली.

आपल्या देशातील नेत्यांचे अपघात आठवून पाहा. माधवराव सिंधिया २००१ मध्ये लहान विमानात, लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी २००२ मध्ये हेलिकॉप्टरमध्ये, आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी २००९ मध्ये नल्लमलाच्या डोंगरात, अरुणाचलचे दोर्जी खांडू २०११ मध्ये. सगळी लहान यंत्रे आहेत. आणि हवामान, डोंगर, अपुऱ्या सोयींची उतरण्याची जागा हे शब्द अशा चौकशांत पुन्हा पुन्हा येतात. मोठे विमान मोठ्या विमानतळावर उतरते, तेथे उपकरणांच्या मार्गदर्शनाने खाली येता येते, अग्निशमन असते, हवामान कार्यालय असते. पण हेलिकॉप्टरने केलेला शेवटचा तीस-चाळीस किलोमीटरचा टप्पा शेतात आखलेल्या चुन्याच्या वर्तुळावर संपतो, आणि बाजूच्या तारा कोणी मोजलेल्या नसतात.

म्हणून राज्याच्या गरजेसाठी निवड करताना दोन इंजिने आणि दोन वैमानिक यांवर तडजोड नको. जमिनीची जवळीक ओळखून सावध करणारी यंत्रणा आणि हवामानाचे रडार आत हवेच. पंखा असलेले टर्बोप्रॉप विमान जेटइतके रुबाबदार दिसत नाही, पण हजार-बाराशे मीटरच्या धावपट्टीवर ते निवांत उतरते. पुण्याहून लातूरला जाताना जेटने वाचतात ती पाच-दहा मिनिटे, आणि ती गाडीतून मंचापर्यंत जाताना कुठेतरी हारात संपतात. नागपूरच्या मिहानमध्ये फाल्कन २००० जेट बनवण्याची घोषणा २०२५ च्या जूनमध्ये झाली आहे. ते चांगले यंत्र आहे आणि आपल्या राज्यात बनले तर अभिमानच वाटेल, पण जेथे तयार होते म्हणून घ्यावे हे कारण मी अटींच्या यादीत फार खाली ठेवीन.

याहून एक महत्त्वाची अट अशी आहे की जी कोणत्याही कारखान्यात मिळत नाही. पोलंडचे अध्यक्ष काचिन्स्की यांचे टीयू-१५४ विमान १० एप्रिल २०१० रोजी स्मोलेन्स्कला कोसळले आणि ९६ जण गेले. विमान काही महिन्यांपूर्वीच मोठी दुरुस्ती होऊन आले होते. त्या सकाळी धावपट्टीवर दाट धुके होते, दृश्यमानता उतरण्याच्या किमान मर्यादेच्या खूप खाली होती, आणि तरी विमान खाली येत राहिले. आपल्याकडे ४ नोव्हेंबर १९७७ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांचे टीयू-१२४ जोरहाटला रात्री उतरताना पडले. पंतप्रधान वाचले, पुढच्या भागात बसलेले हवाई दलाचे पाचही जण गेले. ती नावे फारशी कोणाला ठाऊक नसतात.

मागे सभा खोळंबली आहे आणि मागच्या आसनावरून दर पाच मिनिटांनी 'किती वेळ?' अशी चिठ्ठी येते आहे, अशा वेळी 'आज जमणार नाही' हे तीन शब्द उच्चारायला किती बळ लागते हे मी अनुभवले आहे. मी एकदा ते म्हणालो. पुढे मला त्या कामावर फारसे बोलावले गेले नाही, आणि त्याची खंत नाही. तुमच्या समितीने अहवालात एक कलम घालावे: उड्डाण करायचे की नाही, हे वैमानिक लेखी ठरवील, त्या निर्णयावर प्रवासी किंवा त्यांच्या कार्यालयाने प्रश्न विचारायचा नाही, आणि वैमानिकाच्या बदलीचा अधिकार दौरा आखणाऱ्या कार्यालयाकडे नसावा.

---

सरळ_प्रश्न
सोमवार, सकाळी ९.१०

सुकाणू यांचे कलम मान्य. माझा पर्याय मी मंत्र्यांपुरता मर्यादित करतो. लोहगावच्या धावपट्टीचा मुद्दा मात्र मागे घेत नाही.

---

गच्चीवरून_धानोरी
सोमवार, दुपारी ३.३०

आज तासाला मुलांनी मसुदा नव्याने लिहिला. 'सर्वांत' हा शब्द पूर्ण गेला आहे. पहिल्या ओळीत गेल्या पाच वर्षांच्या उड्डाणांची नोंद मागवली आहे, आणि जुन्या विमानांची उपकरणे तेवढी बदलण्याचा पर्याय किंमतीसह मागितला आहे. सुकाणू यांचे कलम सातव्या क्रमांकावर होते, ते एका मुलाने उठून दुसऱ्यावर आणायला लावले. त्यावर मतदान झाले आणि ठराव तीन मतांनी मंजूर झाला.

काका, एक राहिले. ७३७ मधून ती घडीची शिडी नेमकी कुठून बाहेर येते, असे मुले विचारत आहेत. दाराच्या आत तर ती कुठे दिसत नाही.

---

पाना_आणि_पक्कड
सोमवार, सायंकाळी ६.०५

पुढच्या डाव्या दाराच्या खाली, केबिनच्या जमिनीच्या पोटात तिचा कप्पा असतो. बाहेरच्या कवचात एक लहान झडप उघडते, शिडी त्यातून सरकत बाहेर येते आणि उलगडून जमिनीला टेकते. मग दारातून दोन्ही बाजूंचे कठडे ओढून अडकवायचे. कठडे अडकवायला विसरलात तर उतरणाऱ्याचा हात हवेत जातो. ज्यांनी विमान मागवताना ती शिडी घेतलेली नसते, त्यांच्या कवचावर ती झडप नसते. गच्चीवरून दुर्बीण लावली तर दाराच्या खाली तिची आयताकृती रेघ दिसेल, सकाळचे ऊन तिरपे असताना पाहा.

तीन मतांनी का असेना, मंजूर झाला हे वाचून बरे वाटले. विरोधात कोण होते ते विचारून ठेवा, त्यांची कारणे ऐकायला मला आवडतील.